आडवं जायचंय

दुकानदार : नातवासाठी असेल तर हाच न्या, मावशी. पोरं यावर उड्या टाकतात. की-बोर्डखाली रंगीत दिवे लागतात.

आई : नातू नाही मला.

दुकानदार : मग ताईंच्या मुलासाठी?

मुलगी : मला मुलगा नाही.

दुकानदार : पुतण्या, भाचा, कोणीतरी असेलच. गेम खेळायला कॉम्प्युटर हवाय म्हणालात ना?

आई : हवाय. मला हवाय. आणि बाहेर पाटी लावलीय तुम्ही, कॉलेजच्या विद्यार्थ्यांना सवलत. हे माझं ओळखपत्र.

दुकानदार : हे... तुमचं?

आई : फोटो बघा. एवढा वाईट फोटो दुसरं कोणी आपला म्हणून मिरवेल का?

मुलगी : आईनं यंदा कॉलेजात नाव घातलंय. पहिलं वर्ष, इतिहास. तुम्ही तिला अभ्यासापुरता एखादा साधा लॅपटॉप दाखवा. वाचता आलं, टाइप करता आलं, म्हणजे झालं.

आई : झालं कसं? मला तोंड आहे अजून. अहो, मला डेस्कटॉप बघायचाय. जोडून घ्यायचाय. तुम्ही सुटे भाग सांगा, मी निवडते.

मुलगी : आई, बसमध्ये आपलं काय ठरलं होतं?

आई : तुझं ठरलं होतं. मी खिडकीतून बाहेर बघत होते.

दुकानदार : खरं सांगू का मावशी, या वयात लॅपटॉपच बरा. हलका असतो. आणि हा बघा, यावर 'गेमिंग' असं लिहिलेलंसुद्धा आहे.

आई : स्टिकर लावून गेम चालत असते तर मी फ्रिजवर खेळले असते. यात ग्राफिक्स कार्ड वेगळं आहे?

दुकानदार : तसं वेगळं नाही. आतलं आतच भागवलेलं आहे.

आई : म्हणजे नाही. रॅम वाढवता येते नंतर?

दुकानदार : यात नाही येत.

आई : मग पुढच्या वर्षी जरा जड खेळ आला की हा माझ्या गळ्यात. नको. डेस्कटॉपच दाखवा. आज थोडं, उद्या थोडं, असं वाढवता तरी येतं.

मुलगी : हे सगळं तू शिकलीस कुठं?

आई : वर्गात माझ्याशेजारी बसते ना, ती माझी भिडू. हिरव्या केसांची. तिनं शिकवलं. तास संपले की कॉलेजच्या कॉम्प्युटरच्या खोलीत आमची टोळी खेळते. आता सुट्टी लागली की त्या खोलीला कुलूप. मग मी काय करू, भिंतीकडे बघत बसू?

मुलगी : पुस्तकं आहेत की घरात. भिंतभर आहेत.

आई : तुझी आहेत. मी ती पुसते.

दुकानदार : बरं मावशी, बजेट कुठवर आहे?

आई : पेन्शनीतून बाजूला काढलंय तेवढं. तुम्ही कितीही गोड बोललात तरी ते वाढायचं नाही.

दुकानदार : मग नवं ग्राफिक्स कार्ड त्यात बसणार नाही.

आई : जुनं दाखवा.

मुलगी : जुनं? कोणीतरी वापरलेलं?

आई : मीही वापरलेलीच आहे.

दुकानदार : एक आहे माझ्याकडे. पण फसवत नाही तुम्हाला, चांगलं राबलेलं आहे ते.

आई : राबलेलं चालेल. नुसतं पडून राहिलेलं नको. लावा, माझ्यासमोर चालवून दाखवा. थांबा, बोलू नका कोणी. ऐकू द्या. हं. गेलं हे. कार्डाच्या पंख्याचं बेअरिंग गेलंय. घरघर ऐकू येतेय.

दुकानदार : मावशी, कार्ड माझ्या हातातच आहे. तो वरचा, छताचा पंखा.

आई : मग आधी त्याला तेल घाला. गिऱ्हाईक पळेल.

मुलगी : आई.

आई : हसतेस काय? घरघर होती की नव्हती? लावा हो तुम्ही. हां. हे शहाणं आहे, आपलं आपण फिरतंय. घेते. आता लिहा. प्रोसेसर मधल्या भावाचा, रॅमच्या दोन पट्ट्या, आणि पॉवर सप्लाय चांगल्यातला. तिथं हात आखडायचा नाही. माउस साधा, वायरवाला. रंगीत दिवे नकोत. मला कोणाचं लग्न नाही लावायचं.

दुकानदार : राहिला डबा, हे सगळं ज्यात बसवायचं तो. हा बघा, काळा, चहूबाजूंनी बंद, मजबूत आणि स्वस्त.

आई : खिडकीवाला नाही? एका बाजूला काच असते तो?

दुकानदार : मागवता येईल. पण तो महाग पडतो. मग मॉनिटर लहान घ्यावा लागेल.

आई : लहान घ्या.

मुलगी : आई, हा शुद्ध हट्ट झाला. खेळायचं म्हणतेस आणि पडदा लहान घेतेस. त्या काचेतून दिसणार काय? वायरी.

आई : दिसू देत.

मुलगी : पण तिचं काम काय?

आई : खिडकीला काम लागतं का? अहो, तुम्ही ऐका, हिला माहितीय. मी हॉस्पिटलात लिफ्ट चालवायचे. नोकरीला लागले तेव्हापासून ती सुटेपर्यंत, एकच लिफ्ट. लोखंडी डबा, एक स्टूल, एक दिवा. खिडकी नाही. बाळंतीण वर न्या, मढं खाली आणा, डॉक्टर पुन्हा वर. बाहेर ऊन आहे की पाऊस, ते मला लोकांच्या छत्र्यांवरून कळायचं. माझ्या घरात बंद डबा येणार नाही. एवढंच.

दुकानदार : नाही, नाही. काचेचाच मागवतो.

आई : आणि खेळात मी काय करणार, ते विचारा.

दुकानदार : काय करणार?

आई : चालणार. त्या खेळात मैदान आहे, त्याला शेवटच नाही. भिडू सांगत होती, डोंगर, नदी, मग पुन्हा मैदान. जन्मभर वर-खाली केलं. आता मला आडवं जायचंय.

दुकानदार : बसा तुम्ही दोघी. मी आत जाऊन फोन करून येतो, डबा कधी मिळतोय ते विचारतो.

मुलगी : एवढं सगळं त्याला सांगायची गरज होती?

आई : का, लाज वाटली?

मुलगी : लाज नाही. तू चिडलीस की तुझा आवाज चढतो, मग तुला धाप लागते. बघ आता.

आई : धाप वयाची आहे. आवाज माझा आहे.

मुलगी : पाणी पी.

आई : तुला आठवतं, शाळा सुटली की तू लिफ्टमध्ये येऊन बसायचीस? स्टुलाशेजारी, खाली वर्तमानपत्र अंथरून.

मुलगी : आठवतं. उजेड पिवळा होता तिथला. अजूनही पिवळ्या उजेडात मला भराभर वाचता येतं.

आई : माणसं तुला ओलांडून जायची आणि तुला पत्ता नसायचा. एकदा एक डॉक्टर म्हणाले, ही पोरगी लिफ्टबरोबर आली होती का?

मुलगी : आणि तू दार धरून ठेवायचीस. कोणी लांबून धावत येताना दिसलं की धरलंच दार. आतले लोक चडफडायचे.

आई : चडफडू देत. धावत येणाऱ्याच्या तोंडावर दार लावू नये. हॉस्पिटलात कोण मजेनं धावतं? बरं, आणि ड्युटी संपली की?

मुलगी : शेवटची फेरी गच्चीपर्यंत.

आई : ती नियमात नव्हती. ती माझी. मी तुला विचारायचे, येतेस? रोज विचारायचे. आणि तू काय म्हणायचीस?

मुलगी : एवढं पान होऊ दे.

आई : मान वर न करता. 'येते' हा शब्द काही तुझ्या पुस्तकांत छापलेला नव्हता. मग जायचे मी एकटीच. गच्चीवर उभं राहिलं की सगळं आडवं पसरलेलं दिसायचं. रस्ते, रूळ, नदीपलीकडचे दिवे. जरा बघायचं आणि खाली यायचं.

मुलगी : वर एवढं काही आहे, हे तू कधी बोलली नाहीस.

आई : दाखवायचं होतं ते. सांगण्यासारखं काय आहे त्यात? बरं ऐक. या खेळात दोघींना जाता येतं. एका बाजूनं तू, एका बाजूनं मी. भिडू म्हणते, जोडीनं गेलं की वाट चुकत नाही. येतेस?

मुलगी : हातात भाषांतर आहे, आई. अर्धं झालंय. एवढं पुस्तक होऊ दे.

आई : आधी पान, आता पुस्तक. प्रगती आहे.

दुकानदार : मावशी, येत्या आठवड्यात येतोय डबा. सगळं जोडून, तपासून ठेवतो. न्यायला याल ना?

आई : येणार म्हणजे काय. मला विचारल्याशिवाय त्यातलं काही बदलायचं नाही. आणि त्या पंख्याला तेल घाला.

\* \* \*

मामा : नंबर दे त्या दुकानाचा. मी बोलतो. सांगतो, ज्यानं मागवलं ते माणूसच राहिलं नाही.

मुलगी : नको, मामा.

मामा : अगं, तुझ्या तोंडून कसं निघेल ते, म्हणून म्हटलं. माझ्याही निघत नाही. आदल्या दिवशी तुझ्याबरोबर दुकानात जाऊन भांडून येते काय, सकाळी चहा ठेवते काय, खुर्चीत बसते काय. तू बाहेर गेलेलीस, चहा जळल्याचा वास आला तेव्हा शेजारणीला कळलं. आता हा कॉम्प्युटरचा भुर्दंड तरी नको आपल्यावर.

मुलगी : रद्द नाही करायचं. मी तो आणणार आहे.

मामा : आणून काय करणार?

मुलगी : तिच्या टेबलावर ठेवणार. लावणार. खेळणार.

मामा : तू? तुला साधा फोन आला तर तू पुस्तकात खूण घालून मग उचलतेस. तोवर बंद होतो तो. आणि या वयात गेम?

मुलगी : हेच तू तिलाही म्हणाला होतास.

मामा : म्हणालो होतो. थोरली बहीण माझी, हक्कानं म्हणालो. नोकरी संपली, आता स्वस्थ बस म्हटलं, तर कॉलेजात नाव घातलं. बरं, इतिहास तरी शीक म्हटलं, तर हे. परवा भेटायला एवढी माणसं आलेली, आणि ती हिरव्या केसांची पोरगी सगळ्यांच्या मधोमध बसून सांगते, काकू आमच्या टीममध्ये होत्या, दार सांभाळायच्या. मला कुठं तोंड लपवू असं झालं.

मुलगी : मला बरं वाटलं. त्या खोलीत ती एकटीच आईबद्दल बोलत होती. बाकीचे सगळे तिचं वय विचारत होते.

मामा : माणसं विचारतातच. बरं, माझं ऐकून तरी घे. माझ्या मनात एक चांगली गोष्ट आहे. दुकानाला दिलेली रक्कम परत घेऊ, वर लागेल ते मी घालतो. हॉस्पिटलात ताईच्या नावाचा एक बाक ठेवू. लिफ्टशेजारी. पितळी पाटी लावू. माणसं बसतील, नाव वाचतील. तिथल्या साहेबांशी बोललोसुद्धा मी. ते हो म्हणाले.

मुलगी : लिफ्टशेजारी.

मामा : तिची जागाच ती. जन्म गेला तिचा तिथं.

मुलगी : म्हणूनच नाही. तुझं मन चांगलं आहे, मामा, ते मला कळतंय. पण ती तिथून सुटून आली होती. तू पितळी पाटीनं तिला पुन्हा त्याच दारापाशी ठोकून ठेवतोयस.

मामा : शब्द बघा पोरीचे. पुस्तकं वाचून वाचून जीभ धारदार झाली.

मुलगी : लिफ्टच्या त्याच डब्यात वाचली ती. आणि आईला खिडकी हवी होती. मी तिला दुकानात विचारलं, खिडकीचं काम काय? एवढी पुस्तकं वाचून मला हा प्रश्न सुचला.

मामा : बरं, तुझ्या मनासारखं. पण लोक काय म्हणतील, याचा तरी विचार कर. आई जाते न जाते तोच हिनं खेळाचं यंत्र घरात आणलं.

मुलगी : म्हणू देत. दार उघडं आहे. आत येऊन म्हणू देत.

मामा : तू अशी नव्हतीस. कधी कोणाला उलटून बोलताना मी ऐकलं नाही तुला.

मुलगी : घरात एक होती बोलणारी. माझ्या वाट्याचंही तीच बोलायची. आता ती जागा रिकामी आहे.

मामा : हं.

मुलगी : रडू नकोस.

मामा : रडत नाही. शाळेत होतो तेव्हा मी तिचा जेवणाचा डबा पोचवायला जायचो. साहेबलोकांना बाहेर थांबवून मला एक फेरी मारून आणायची. काही कारण नाही. वर आणि खाली. मला वाटायचं, विमान असंच असणार.

मुलगी : गच्चीवर नेलं कधी?

मामा : विचारायची. पण मला उंचीची भीती. मी कसला जातोय.

मुलगी : म्हणजे आपण दोघंही गेलो नाही.

मामा : नाही गेलो.

मुलगी : बाक ठेव तू. पण बागेत ठेव. नदीकाठच्या, जिथून लांबवर दिसतं अशा ठिकाणी.

मामा : बघतो. आणि ते आणायला एकटी जाऊ नकोस. जड असतं. मी येतो.

मुलगी : तुझी कंबर धड नाही.

मामा : टॅक्सीत बसून राहीन. पण येतो.

\* \* \*

दुकानदार : या ताई. तयार आहे तुमचं. मावशी नाही आल्या?

मुलगी : नाही. आई गेली.

दुकानदार : गेली म्हणजे... अरेरे. कधी?

मुलगी : इथून गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी.

दुकानदार : बसा ना. पाणी देऊ? एवढ्या ठणठणीत बोलत होत्या. त्या गेल्यावर मी खरंच शिडी लावून पंख्याला तेल घातलं. आवाज गेला. म्हटलं, आल्या की दाखवू.

मुलगी : ऐकू येतंय. म्हणजे, ऐकू येत नाहीये.

दुकानदार : तुम्हाला नको असेल हे सामान, तर मी परत ठेवून घेतो. पूर्ण रक्कम देतो. संकोच करू नका.

मुलगी : मी न्यायला आलेय.

दुकानदार : मग हे बघा. सगळं मावशींनी सांगितलं तसंच. कार्ड तेच, पट्ट्या दोन, पॉवर सप्लाय चांगल्यातला. फक्त एक झालं. काचेचा डबा आला, पण वाटेत त्याची काच फुटली. म्हणून मी या काळ्या डब्यात जोडून ठेवलंय. आत सगळं तेच. चालायला तसूभर फरक नाही.

मुलगी : हा बंद आहे.

दुकानदार : हो, पण फरकाची रक्कम मी परत देतो ना.

मुलगी : रकमेचं नाही. मला विचारल्याशिवाय काही बदलू नका, असं ती तुम्हाला सांगून गेली होती.

दुकानदार : ताई, कळतंय मला. पण दुसरी काच यायला महिना जाईल. आणि आता मावशीच नाहीत, तर...

मुलगी : त्या वाक्याच्या पुढं जाऊ नका. तो काचेचा डबा कुठं आहे?

दुकानदार : मागं पडलाय. एक बाजू उघडी आहे त्याची. तसा कसा देऊ?

मुलगी : तसाच द्या. सगळं त्यात पुन्हा जोडा. ती बाजू उघडी राहू दे.

दुकानदार : धूळ जाईल आत.

मुलगी : पुसेन. घरातली सगळी पुस्तकं आई पुसायची, मी एवढं पुसेन. काच आली की बसवायला या.

दुकानदार : वेळ लागेल हो जोडायला.

मुलगी : मी थांबते. बाहेर टॅक्सीत मामा आहे, तोही थांबेल. आमच्या घरात बंद डबा येणार नाही.

दुकानदार : अगदी त्यांच्यासारखं बोललात.

मुलगी : नाही. तिनं हे हसत म्हटलं असतं आणि तुम्ही एव्हाना स्क्रू काढायला लागला असता.

दुकानदार : काढतो. बरं, हा वॉरंटीचा कागद. नाव कोणाचं घालू, तुमचं?

मुलगी : आईचं.

दुकानदार : पण ताई...

मुलगी : सवलत विद्यार्थिनीला दिलीत ना? मग नावही विद्यार्थिनीचंच राहू दे.

\* \* \*

(आईची खोली, भर दुपार. मुलीच्या कानांवर हेडफोन. शेजारी, एका बाजूनं उघड्या डब्यात, पंखा फिरतो आहे.)

भिडू : ऐकू येतंय का, ताई? हॅलो? माइक तोंडाजवळ आणा.

मुलगी : येतंय. तू फार जवळून बोलतेयस.

भिडू : काकूपण पहिल्यांदा हेच म्हणाल्या होत्या. म्हणाल्या, डोक्यात शिरलीस की गं. आता काकूंचं नाव दिसतंय का? लिफ्टवाली?

मुलगी : दिसतंय. खाली पासवर्ड मागतंय. तो मला माहीत नाही.

भिडू : मला आहे. म्हणजे आम्हा सगळ्यांनाच आहे. काकू टाइप करताना एकेक अक्षर मोठ्यानं म्हणायच्या. पूर्ण खोलीला पाठ आहे. 'तळमजला.' इंग्रजी अक्षरांत.

मुलगी : तळमजला.

भिडू : आम्ही म्हटलं, काकू, असं सांगू नका, कोणी घुसेल. तर म्हणाल्या, घुसून काय नेणार, एक म्हातारी?

मुलगी : उघडलं. थांब. ही कोण उभी आहे?

भिडू : तुम्हीच. म्हणजे काकू. शेवटी खेळलो तेव्हा होत्या तिथंच आल्यात. मनोऱ्याच्या दारात.

मुलगी : बाहेर तोंड करून उभी आहे. एक हात दाराला.

भिडू : नेहमी तशाच. तो खेळ कसाय ना, संध्याकाळ झाली की सगळ्यांनी मनोऱ्यात शिरायचं आणि दार लावून घ्यायचं. नाहीतर समोरची टीम आत घुसते. काकूंना दारावर ठेवलं. म्हटलं सोपं काम आहे. तर समोरचा एकजण तलवार घेऊन धावत येतोय आणि काकू दार धरून उभ्या. आम्ही ओरडतोय, काकू, शत्रू आहे तो, लावा, लावा. तर म्हणतात, अगं, धावत येतोय बिचारा.

मुलगी : आत घेतलं?

भिडू : घेतलं ना. वर त्याला सांगितलं, हळू, पायऱ्या आहेत.

मुलगी : मग?

भिडू : मग काय, कापलं त्यानं सगळ्यांना. हरलो. आणि असं दर वेळी. वर्गातले वैतागले, म्हणाले काकूंना काढा. मी नाही म्हटलं. त्या गेल्या तर मीही जाणार. मग राहिल्या.

मुलगी : तू भांडलीस तिच्यासाठी.

भिडू : त्या माझ्यासाठी भांडल्या होत्या आधी. केसांवरून. सरांना म्हणाल्या, मुळं तिची, रंग तिचा, तुम्ही फळा बघा. नंतर ना, समोरच्या टीममधलेपण दारात येऊन थांबायला लागले. मारायचे नाहीत. नमस्कार करून आत यायचे आणि मग मारायचे. हसताय का तुम्ही?

मुलगी : हसतेय बहुतेक. बऱ्याच दिवसांनी, म्हणून आवाज वेगळा येत असेल. हिनं मैदान बघितलं का? ती म्हणायची, डोंगर, नदी, पुन्हा मैदान.

भिडू : नाही ना. तेच राहिलं.

मुलगी : का?

भिडू : दार सोडायच्याच नाहीत. रोज म्हणायच्या, आज जाऊ आडव्या. मी तयार व्हायचे. पण आधी माइकवर विचारायच्या, कोणी यायचं राहिलंय का? सगळे आत आले तरी उभ्या. मी म्हणायचे, काकू, झालं, कोणी नाही उरलं. तर म्हणायच्या, एक आहे.

मुलगी : एक कोण?

भिडू : मला वाटायचं, गंमत करतात. म्हणायच्या, एक आहे, तिचं पान व्हायचंय. झालं की येईल.



मुलगी : पुढं जायचं बटण कुठलं?

भिडू : डब्ल्यू. दाबून धरा. पण मग दार सुटेल हातातलं. आपोआप लागतं ते.

मुलगी : लागू दे. आत सगळे आलेत ना?

भिडू : सगळे आलेत. अख्खी टोळी आहे आज. बाहेर आता फक्त मैदान. एकट्या जाताय की मी येऊ?

मुलगी : तू मागून ये. मला आधी एक उत्तर द्यायचंय.

भिडू : कोणाला? माइक चालू आहे, ताई. सगळ्यांना ऐकू जाईल.

मुलगी : जाऊ दे. येते, आई.